आकृती सात

कमलबाईंना आधी फोटोच दिसला. "अगं बया, ह्यो तर माझा सहावा!" म्हणत त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि शिवरंजनीच्या हातातला कागद जवळजवळ ओढूनच घेतला. सास्तूरच्या बाजारात 'लालमहंमद रेडिओ' नावाचं दुकान आहे, तिथली ही गोष्ट. शिवरंजनी गावातलीच पोरगी, शहरात इंजिनिअरिंग शिकते. सुट्टीला येताना तिनं एक शोधनिबंध छापून आणला होता, कारण त्यात गावाचं नाव होतं. सहाव्या पानावर कमलबाईंच्या शेतातला यंत्राचा डबा होता. चुन्यानं पांढराफटक रंगवलेला, त्यावर कावेचे तांबडे पट्टे, पायाशी हळदीकुंकू, डोक्यावर कडब्याचं छप्पर.

"खाली काय लिवलंय गं, विंग्रजीत?"

शिवरंजनीनं तोंड उघडलं आणि काउंटरमागच्या रुकसानाकडं बघितलं. दोघींनी तो कागद सकाळपासून तीनदा वाचला होता.

"सास्तूरच्या कमलबाईंच्या रानातला डबा, असं लिवलंय मावशी," रुकसाना म्हणाली.

कमलबाई हरखून गेल्या. देवाजवळ ठेवते म्हणून कागद मागून घेतला, घडी घालून कनवटीला लावला आणि गेल्या. रुकसाना आयुष्यात फार खोटं बोललेली बाई नव्हे. त्या दिवशी बोलली, आणि ते खोटं तिला पुढं सहा महिने निभवावं लागलं. फोटोखाली लिहिलं होतं ते असं: 'आकृती ७. स्थानिकांनी तोडफोड केलेला नोड.' नोड म्हणजे हाच डबा.

आता रुकसाना कोण, ते सांगतो. लालमहंमद शेखांची थोरली लेक, वय एक्केचाळीस. भूकंप झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती. गाव आडवं झालं, आणि लालमहंमद तिसऱ्या दिवशी पत्र्याच्या शेडात पेटी उघडून बसले. ढिगाऱ्यातून काढलेले रेडिओ लोक त्यांच्याकडं आणत. ज्यांच्या घरातली चार-चार माणसं गेली होती तेसुद्धा म्हणत, चाचा, एवढा चालू करून द्या. बातम्यांत आपल्या गावाचं नाव घेतात का, ते त्यांना ऐकायचं होतं. कुणी नाव चुकीचं उच्चारलं की लालमहंमद रेडिओवर डाफरत, जसं काही आतला माणूस ऐकतोय. रुकसाना तिथंच सोल्डरिंग शिकली. पुढं आयटीआय केलं, बाप गेल्यावर दुकान हाती घेतलं. रेडिओचे मोबाइल झाले, पण बापाच्या नावाची पाटी तिनं बदलली नाही.

तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका विद्यापीठातून कृष्णराज नावाचा तरुण आला. पीएचडी करत होता. बिनतारी संदेश उभ्या पिकातून किती लांब आणि किती शाबूत पोचतो, हा त्याचा विषय. चोवीस शेतांत चोवीस खांब रोवायचे, प्रत्येकावर कंबरेएवढ्या उंचीला एक डबा. डबा जमिनीतली ओल मोजणार आणि तो आकडा दर पंधरा मिनिटांनी हवेतून गावच्या पाण्याच्या टाकीवरच्या पेटीकडं धाडणार. पेटीकडून तो शहरात. डब्याची चार्जिंग वरच्या सोलर प्लेटवर. देखभालीला स्थानिक मदतनीस हवा होता, आणि खांबाला जागा द्यायला शेतकरी हवे होते. दोन्ही कामं रुकसानानं केली. चोवीस घरी तीच गेली, तिच्याच शब्दावर लोकांनी ज्वारीत खड्डे घेऊ दिले. कृष्णराजनं फक्त एक अट घातली होती. खांबाभोवती पाच पाच फूट पीक ठेवायचं नाही, जागा मोकळी पाहिजे. शेतकऱ्यांनी तीही पाळली. ही पाच फुटांची जागा लक्षात ठेवा, पुढं तिच्यावरूनच सगळं रामायण झालं.

पहिल्या वर्षी ज्वारी गुडघ्याएवढी होती तोवर आकडे खळखळ येत होते. कंबरेला लागली तसे गळायला लागले. कणीस बाहेर पडलं आणि लांबच्या डब्यांनी मौनच धरलं. रुकसानाकडं हातात धरायचं एक मीटर होतं, कुठला डबा बोलतोय ते दाखवणारं. ती रोज सकाळी बांधाबांधानं फिरायची. तिला आठ दिवसांत कळलं की पानांत पाणी आहे आणि ते पाणी संदेश पिऊन टाकतंय. तिनं एका डब्याची अँटिना सोडवली, ठिबकच्या जुन्या पाइपाला बांधून कणसाच्या वर उभी केली. आकडे धो धो आले. तिनं लगोलग फोन लावला.

"सर, अँटिना कणसाच्या वर पाहिजे. आपली ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते."

"ताई, परदेशातल्या मूळ प्रयोगात उंची कंबरेएवढीच आहे. मधेच बदलता येत नाही. बॅटरी बदलून बघा."

परदेशातला तो प्रयोग बुटक्या पिकात झाला होता, हे तिला शिवरंजनीनं नंतर वाचून दाखवलं. म्हणजे पिकातून संदेश कसा जातो हे शोधायला आलेला माणूस, पीक किती उंच आहे ते बघायला तयार नव्हता! रुकसानानं पाइप काढला, बॅटरी बदलली आणि तोंड मिटलं. दुसऱ्या वर्षीही तेच सांगितलं, तेच उत्तर मिळालं.

आणि मग आली येळवस.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुत्रं सापडत नाही, सगळं माणूस रानात. बाजरीचे उंडे, भज्जी, आंबील, खीर डोक्यावर घेऊन जायचं, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, कोपीत पाच दगड चुना-कावेनं रंगवून पांडव म्हणून बसवायचे, पुजायचे, आणि मग येईल त्याला जेवू घालायचं. ह्यात हिंदू-मुसलमान काही नाही. शेखांची कोप लालमहंमदांच्या बापाच्या वेळेपासून उभी राहते. कोपीला जागा कशी लागते? उभ्या ज्वारीत मधोमध, पाच-सहा फूट मोकळी. एरवी ती पीक कापून करावी लागते. पहिल्या वर्षी लोक नव्या खांबांपाशी जायला बिचकले होते; ह्या दुसऱ्या वर्षी चोवीस शेतांत ती तयारच होती!

सतरा जणांनी खांबाभोवतीच कोप बांधली. एकमेकांना कुणी विचारलं नाही, ठरवलं नाही. आयती जागा सोडून पीक कोण कापतो? आणि कोपीत जे उभं आहे ते बिनचुन्याचं कसं ठेवायचं?

कमलबाईंनी मात्र नुसता सोयीसाठी चुना लावला नव्हता. त्यांचे मालक महालिंगप्पा सहा वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात औत सोडताना वीज पडून गेले. रुकसानानं खांबासाठी जागा मागताना त्यांना सांगितलं होतं, की हे डबे नीट चालले तर पुढच्या टप्प्यात ह्यांच्यावरूनच विजेचा इशारा येणार, गावात भोंगा वाजणार, रानातला माणूस अर्धा तास आधी घरी पळेल. कमलबाईंनी ते मनात धरलं होतं. त्यांनी डब्याला चुना दिला, कावेचे पट्टे ओढले, आणि पाच पांडवांच्या ओळीत त्याला सहावा मानला.

"सहावा म्हंजे कर्ण की वो," शेजारचे आण्णासाहेब आंबील पीत म्हणाले. "त्याला कुंडलं व्हती, ह्याला अँटिना हाय."

सगळी हसली. रुकसानाही हसली, आणि तिथंच तिची चूक झाली. चुना सोलर प्लेटवर गेलाय, वर छपराची सावली आहे, हे तिला दिसत होतं. पण कमलबाईंनी हात जोडले होते, अशा वेळी पुढं होऊन देव पुसणार कोण? तिनं फोटो काढले, सतराही कोपींचे, आणि कृष्णराजला पाठवले. खाली लिहिलं: 'आज येळवस. लोकांनी डबे पुजलेत. प्लेट झाकल्या. चार दिवसांनी सगळ्यांना विचारून वरचा कडबा सरकवते, चुना पुसते, चालेल?' कृष्णराजचं उत्तर आलं: 'वा! हात लावू नका, मी येऊन बघतो.'

तो आला नाही. कोप आमच्याकडं ज्वारी काढेपर्यंत मोडत नाहीत. बॅटऱ्या बसल्या, सतरा डबे मुके झाले. काढणीनंतर रुकसानानं एकेक सोडवून आणला, ओल्या फडक्यानं पुसला, चार्ज केला. सतराच्या सतरा सुरू झाले, एकाला ओरखडा नव्हता. तिनं तेही कळवलं. त्यावर नुसतं अंगठ्याचं चित्र आलं.

आणि जूनमध्ये हा निबंध! तिनेच काढलेला फोटो, तिनेच कळवलेली हकिगत, आणि खाली 'तोडफोड'. वर आणखी एक वाक्य होतं: 'पिकाच्या उंचीचा परिणाम तपासण्याआधीच स्थानिकांच्या असहकारामुळे प्रयोग खंडित झाला.' रुकसानाचं नाव कुठंच नव्हतं. त्याचं तिला वाईट वाटलं, पण ते गिळता आलं असतं. गावाचं नाव मात्र होतं. तेवढं बिनचूक छापलं होतं.

तिनं लगेच फोन लावला.

"सर, कुणी मोडलं? एकाचं नाव सांगा."

"ताई, तसं नाही... निबंध तपासणारे विचारतात ना, डेटा का गेला. आता त्या लोकांना कोप काय, येळवस काय, कसं समजावणार? चार पानं लागतील. तोडफोड म्हटलं की एका शब्दात कळतं. ती एक तांत्रिक संज्ञा आहे, मनावर घेऊ नका."

एका शब्दात कळतं! चोवीस शेतकऱ्यांनी पीक मागं सारून जागा दिली, ते सांगायला त्याला जागा नव्हती. एक विधवा बाई डब्याला हात जोडते, त्याला चार पानं लागतात. आणि गुन्हेगार म्हणायला एक शब्द पुरतो. रुकसाना त्याला हे सगळं बोलणार होती, पण एका शब्दात कळणाऱ्याला चार पानं कोण ऐकवणार? तिनं फोन ठेवला. कुठंतरी परदेशात कुणीतरी वाचणार, सास्तूर म्हणजे डबे फोडणाऱ्यांचं गाव, आणि आपण रेडिओवर डाफरल्यासारखं डाफरत बसायचं, एवढंच हातात राहिलं असं तिला वाटलं.

पण परदेशात वाचून संपलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या कचेरीत भोंग्यांच्या गावांची यादी लागली. पंधरा गावं. शिवारातली दोन शेजारची गावं होती, सास्तूर नव्हतं. ग्रामपंचायतीनं विचारलं तर उत्तर आलं, की निबंधात नोंदवलेल्या स्थानिक असहकारामुळे सास्तूर वगळण्यात येत आहे. भोंगा कधी वाजणार असं कमलबाई दर आठवड्याला दुकानात येऊन विचारत. रुकसाना म्हणे, येईल मावशी. परतीच्या पावसात आण्णासाहेबांच्या गोठ्यावर वीज पडली, दोन बैल गेले. माणूस वाचलं ते नशिबानं.

त्या दिवशी रुकसानानं रॅकवरचे सतरा डबे खाली काढले. उरलेले सात विद्यापीठानं कुरियरनं मागवून घेतले होते; हे सतरा आणि टाकीवरची पेटी न्यायला कुणी आलंच नव्हतं. तिनं पुन्हा सतरा घरं धरली. ह्या वेळी प्रत्येक खांबाला तिनं लांब पाइप जोडला, कोपीच्या छपराबाहेर आणि कणसाच्या हातभर वर जाईल असा. अँटिना आणि सोलर प्लेट दोन्ही वर, डबा खाली. "चुना लावा, हार घाला, काय करायचं ते करा," तिनं बायकांना सांगितलं, "पाइपाला तेवढं हात लावू नका."

नोव्हेंबरच्या अखेरीस कृष्णराजचा फोन आला. आवाज एकदम गोड.

"रुकसानाताई, एक मदत हवी होती. विद्यापीठ सतरा डबे कुठे गेले विचारतंय. मोडले असतील तर पंचनामा लागतो. मी मजकूर तयार केलाय. गावातल्या दोन पंचांच्या सह्या आणि साक्षीदार म्हणून तुमची. बास."

एखाद्याला थोबाडीत मारायची आणि वर त्याच्याकडूनच पावती मागायची!

"करते की सही," ती म्हणाली. "पण तुमी इथं येऊन घ्यायची. येळवशीला या."

तो आला. एसटीतून उतरला तर गाव रिकामं. विचारत विचारत, बांध तुडवत, माणसापेक्षा उंच ज्वारीतून वाट काढत तो कमलबाईंच्या कोपीपाशी पोचला तेव्हा घामाघूम झाला होता. रुकसाना, शिवरंजनी, आण्णासाहेब, सगळी तिथंच होती. येळवशीला रानात आलेल्या माणसाला काम विचारायचं नसतं, आधी ताट. कमलबाईंनी उंडे वाढले, भज्जी वाढली, आंबिलीचा गडवा पुढ्यात ठेवला. "किती वाळलंय लेकरू," म्हणत आणखी एक उंडा घातला. त्याला भूक लागली होती. तो जेवला.

मग त्यानं पिशवीतून पंचनामा काढला. कोपीत पाच पांडवांशेजारी चुना लावलेला डबा होता, त्याच्याकडं त्यानं बघितलं असावं, पण तो कागदाची घडी मोडत राहिला.

"वाचून दाखवते," रुकसाना म्हणाली. "मावशी, आण्णा, पंच तुमीच. सही करायच्या आधी ऐकावं लागतं."

तिनं मोठ्यानं वाचलं. सास्तूर येथील स्थानिक रहिवाशांनी सतरा उपकरणांची हेतुपुरस्सर तोडफोड करून ती निकामी केली, ते आम्ही पंच समक्ष पाहिले, वगैरे वगैरे. आण्णासाहेबांचा चेहरा बदलत गेला. रुकसाना थांबली नाही. "आणखी एक हाय. मावशी, तुमी देवापाशी ठेवलेला कागद द्या. म्या तुमच्याशी खोटं बोलले व्हते. फोटोखाली तुमचं नाव न्हाय. तोडफोड केलेला डबा, असं लिवलंय."

कमलबाईंना समजायला थोडा वेळ लागला. त्यांनी कागद पांडवांपाशीच ठेवला होता, येळवशीसाठी घरून आणून, हळदीकुंकू लावून. त्यांनी तो उचलला, पदरानं कुंकू झटकलं आणि कृष्णराजच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पळी घेतली आणि त्याच्या रिकाम्या गडव्यात पुन्हा आंबील ओतली.

"घे बाबा. तोडफोड करणाऱ्या बाईच्या हातची हाय. चालंल न्हवं?"

कृष्णराजनं गडवा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

रुकसानानं त्याच्यापुढं मीटर धरलं. पडद्यावर सतरा आकडे होते, एकामागून एक, प्रत्येकासमोर ओल. "ह्ये बघा सर. सतराही कोपीत हायेत, सतराही बोलायलेत. आता दोनातलं एक सांगा. डबे मोडलेत? मग मोडलेले डबे परत मागू नका, आमी ह्यांच्यावर आमचाच भोंगा वाजवू. का डबे शाबूत हायेत? मग तसं लिवून द्या. जिथं जिथं तोडफोड लिवलं तिथं तिथं."

"लिहितो," तो म्हणाला. "गेल्यावर लगेच..."

"गेल्यावर न्हाय. हितं."

त्यानं फोन काढला. लिहिलं, की काही गैरसमजामुळे निबंधात त्रुटी राहिली असून. शिवरंजनीनं खांद्यावरून वाचून दाखवलं. "गैरसमज कुणाचा?" रुकसानानं विचारलं. "ज्याचा त्याच्या नावानं लिवा." त्यानं पुसून पुन्हा लिहिलं. सास्तूरमध्ये कुणीही डबा मोडला नाही. लोकांनी डबे पुजले होते, हे मला त्याच दिवशी माहीत होतं. मी खोटं लिहिलं. अँटिना कणसाच्या वर हवी, हा शोध रुकसाना लालमहंमद शेख यांचा आहे. आकृती सातमधला डबा कमलबाईंच्या शेतातला आहे. सास्तूरचं नाव भोंग्यांच्या यादीत परत घ्यावं. निबंध छापणाऱ्यांना, त्याच्या प्राध्यापकांना आणि जिल्ह्याच्या कचेरीला, तिघांना एकदमच पाठवायचं ठरलं. त्यानं बटण दाबलं.

गेलं नाही. पडद्यावर गोल गोल फिरत राहिलं. त्यानं फोन इकडं वळवला, तिकडं वळवला. चहूबाजूंनी हिरवीगार ज्वारी, मधे कोप, आणि कोपीत पीएचडीचा विद्यार्थी. "रेंज नाही," तो म्हणाला. "स्टँडवर गेल्यावर पाठवतो."

"बाहीर या," रुकसाना म्हणाली.

तो कोपीबाहेर येऊन उभा राहिला. कणसं त्याच्या डोक्यावर वीतभर होती.

"हात वर करा. आणखी वर. कणसाच्या वर धरा."

त्यानं हात वर केला. शाळेत उभं केलेल्या पोरासारखा तो टाचा उंचावून, फोन कणसांच्या वर धरून उभा राहिला, आणि सगळं रान त्याच्या हाताकडं बघत होतं.

"गेलं," तो म्हणाला.

"जाणारच," रुकसाना म्हणाली. "म्या दोन वर्सं झाली ह्येच सांगायलेय."